खाण तशी माती? स्वीडनमधील एक परीक्षा

‘खाण तशी माती’ ही म्हण आपल्या घराघरांतून इतक्या सहजतेने उच्चारली जाते की, ती कधी तपासून पाहावी असे कोणाच्या मनातही येत नाही. मुलगा तापट निघाला की आजोबांचे नाव निघते. मुलगी सदा हसतमुख असली की आजोळाला श्रेय मिळते. या समजुतीची कसून परीक्षा ज्या देशांत झाली, त्यांत उत्तर युरोपातील स्वीडनचे स्थान महत्त्वाचे आहे.

त्या परीक्षेचे साधन म्हणजे चर्चच्या जुन्या वह्या. १६८६ च्या धर्मविषयक कायद्याने प्रत्येक धर्मग्रामाच्या उपदेशकावर एक कामगिरी सोपविली. घरोघरची माणसे धर्मपाठ जाणतात की नाही, त्यांना वाचता येते की नाही, हे त्याने पाहावे आणि त्याची नोंद ठेवावी. त्याच वह्यांत जन्म, विवाह, मृत्यू आणि स्थलांतर यांच्याही नोंदी होत गेल्या. त्यामुळे शेतमजुराच्या घराण्याचाही माग अनेक पिढ्या मागे काढता येतो. एरव्ही हे भाग्य राजघराण्यांचेच.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात धूम्रपान आणि मद्यपान यांचे परिणाम अभ्यासण्यासाठी स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का संस्थेत जुळ्यांची राष्ट्रीय नोंदवही सिद्ध झाली. १८८६ ते १९२५ या काळात जन्मलेली जुळी भावंडे धर्मग्रामांच्या नोंदींतूनच शोधण्यात आली. गरिबीने, आजाराने किंवा आईबापांच्या मृत्यूने त्यांतील काहींची बालपणीच ताटातूट झाली होती. एक एका घरी वाढले, दुसरे दुसऱ्या घरी. १९८४ पासून संशोधकांनी अशा जोड्यांची एकत्र वाढलेल्या जोड्यांशी तुलना आरंभिली. माणसामाणसांत मनमोकळेपणा आणि चिंतातुरता यांचे जे फरक दिसतात, त्यांपैकी सुमारे ३० ते ४० टक्के फरकांचा संबंध जन्मजात वारशाशी लागतो, असे त्यांना आढळले. म्हणजे म्हण खोटी नव्हे. पण ती पुरती खरीही नव्हे. शिवाय हे प्रमाण लोकसमूहातील फरकांचे आहे. एखाद्या माणसाचा स्वभाव किती आनुवंशिक, हे त्यावरून सांगता येत नाही.

हा विवेक सुटला म्हणजे काय होते, तेही स्वीडननेच पाहिले. १९२२ मध्ये उप्साला येथे सरकारी वंशजीवशास्त्र संस्था स्थापन झाली. हर्मन लुंडबोर्ग हे तिचे पहिले प्रमुख. उत्तरेकडील सामी लोकांची डोकी मोजून त्यांची योग्यता ठरविण्याचे उद्योग तेथे झाले. पुढे १९३४ मध्ये निर्बीजीकरणाचा कायदा आला आणि १९४१ मध्ये तो अधिक व्यापक करण्यात आला. १९७५ पर्यंत सुमारे ६३,००० जणांवर या शस्त्रक्रिया झाल्या. त्यांत बहुसंख्य स्त्रिया होत्या, आणि कित्येकींची संमती केवळ दडपणाखाली मिळविलेली होती. आपल्यामागे वाईट वारसा राहील, एवढाच पुष्कळांचा अपराध. १९९९ मध्ये सरकारने अशा पीडितांना भरपाई देण्याचा कायदा केला. परंतु न जन्मलेल्या लेकरांची भरपाई कोणता खजिना करणार?

आता सुखाचा प्रश्न. १८६७ ते १८६९ या वर्षांत स्वीडनमध्ये भीषण दुष्काळ पडला. १८५० ते १९३० या काळात १२ लाखांहून अधिक माणसे देश सोडून गेली; त्यांतील बहुतेक अमेरिकेस गेली. जे मागे राहिले, त्यांच्याच नातवंडा-पतवंडांचा देश २०२४ च्या जागतिक आनंद अहवालात चौथ्या क्रमांकावर आला. एवढ्या अल्पकाळात रक्त काही पालटत नाही. पालटले ते घराबाहेरचे जग. १८४२ मध्ये गावोगावी शाळा काढण्याचा कायदा झाला, १९१३ मध्ये सर्वांसाठी निवृत्तिवेतनाची योजना आली, आणि १९२८ मध्ये पेर आल्बिन हान्सन यांनी सारा देश हे एक चांगले घर व्हावे, त्यात कोणी लाडके वा सावत्र नसावे, ही कल्पना संसदेत मांडली.

आजोबांकडून नातवाकडे काही गोष्टी निश्चितच येतात. तो थोडा भित्रा असेल, थोडा बोलका असेल. परंतु भित्र्या मुलालाही निर्भयपणे जगता येईल असे घर, अशी शाळा आणि असा गाव रक्तातून येत नाही; तो मागच्या पिढीला बांधून ठेवावा लागतो.