वाड्यातून वॉर्डापर्यंत : पुण्यातल्या पहिल्या नर्सिंग विद्यार्थिनींचा धडा

बारावीचा निकाल लागला की आपल्या मोहल्ल्यांत एक वाक्य हमखास ऐकू येते : "मुलगी शिकू दे, पण नर्सिंगला नको." कारणे विचारली तर तीही ठरलेली असतात. रात्रपाळी असते. परक्या पुरुषांना हात लावावा लागतो. वसतिगृहात राहावे लागते. लग्नाच्या वेळी स्थळे कचरतात. डीएड, बीएड चालते, फार्मसी चालते, युनानीची पदवी मिळाली तर मिठाई वाटली जाते. नर्सिंगचे नाव काढले की घरात शांतता पसरते.

ही कारणे आपण फार "आपली" समजतो. मुस्लिम समाजाची, पर्द्याची, शराफतीची. पण पुण्याचा इतिहास उलगडला की दिसते, हीच कारणे शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी सदाशिव आणि शनिवार पेठेतल्या वाड्यांतही सांगितली जात होती. सांगणारे मुसलमान नव्हते, शेंडी-जानव्यातले लोक होते. तरीही त्या वाड्यांतल्या बायका रुग्णालयाच्या वॉर्डापर्यंत पोहोचल्या. त्या कशा पोहोचल्या, हे आज समजून घेण्याची जास्त गरज आपल्याला आहे.

सुरुवात ससूनपासून करू. बगदादहून मुंबईत येऊन व्यापारात नाव कमावलेले ज्यू व्यापारी डेव्हिड ससून यांच्या देणगीतून उभे राहिलेले हे रुग्णालय १८६७ मध्ये सुरू झाले. पुढे १८७८ मध्ये पारशी दानशूर बैरामजी जीजीभाई यांच्या नावाने वैद्यकीय शाळा निघाली. म्हणजे इमारत होती, डॉक्टर होते, डॉक्टर घडवणारी शाळा होती. नव्हत्या त्या बायका. इथल्या घरंदाज बायका, हिंदू असोत की मुसलमान, पुरुष डॉक्टरपुढे यायला तयार नसत. बाळंतपण सुईणीच्या हातून आणि आजारपण घरगुती काढ्यांवर निघे. निभावले तर निभावले.

१८८२ मध्ये हंटर शिक्षण आयोगापुढे पंडिता रमाबाईंनी पुण्यात साक्ष दिली आणि सांगितले, की या देशातल्या स्त्रियांना स्त्री-शिक्षिका हव्यात आणि स्त्री-डॉक्टरही हव्यात. १८८५ मध्ये लेडी डफरिन यांच्या नावाचा निधी उभा राहिला. स्त्रियांना स्त्रियांच्या हातून उपचार मिळावेत, हा त्याचा हेतू होता. आनंदीबाई जोशी अमेरिकेत जाऊन १८८६ मध्ये डॉक्टर झाल्या, पण दुर्दैवाने पुढच्याच वर्षी वारल्या.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. आनंदीबाईंना विरोध झाला तसे कौतुकही झाले, कारण डॉक्टरकीला पदवी होती, मान होता. परिचारिकेच्या कामाला तो मान नव्हता. रुग्णाचे अंग पुसणे, जखम धुणे, बेडपॅन उचलणे ही कामे आपल्या जातिव्यवस्थेने "खालच्या" हातांवर सोपवलेली. आणि हा विचार एकट्या हिंदूंचा नव्हता. आपल्यातल्या अशराफ घरांनीही दाईला बोलावले, इनाम दिले, दुआ दिली, पण स्वतःच्या मुलीला दाईचे काम शिकवले नाही. त्यामुळे रुग्णालयांतल्या परिचारिका बहुतेक युरोपियन, अँग्लो-इंडियन किंवा ख्रिस्ती समाजातल्या असत. मुंबईत १८८६ च्या सुमारास नर्सिंगचे पद्धतशीर शिक्षण सुरू झाले. तिथे १८९१ मध्ये शिकायला आलेल्या काशीबाई गणपत यांचे नाव पहिल्या भारतीय प्रशिक्षणार्थी म्हणून नर्सिंगच्या पाठ्यपुस्तकांत येते.

मग १८९७ उजाडले. प्लेगने पुण्याला गाठले. घराघरांत गोरे शिपाई शिरू लागले, माणसे उचलून नेली जाऊ लागली. लोक रोगाला जितके भ्याले तितकेच रुग्णालयालाही भ्याले. त्या दिवसांत सावित्रीबाई फुले यांनी डॉक्टर मुलगा यशवंत याच्यासह हडपसरजवळच्या ससाणे मळ्यात रुग्णांची सेवा केली. मुंढव्याच्या एका आजारी मुलाला त्यांनी स्वतः पाठीवर घेऊन दवाखान्यात आणले. त्यांनाही लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. सावित्रीबाईंकडे नर्सिंगचे प्रमाणपत्र नव्हते. पण अस्पृश्य म्हणून गावाबाहेर ठेवलेल्या वस्तीतले आजारी मूल पाठीवर घेणे म्हणजे काय, हे त्या काळच्या पुण्याला नक्की कळले असेल. प्लेगने एक गोष्ट उघड केली. शहराला औषधाइतकीच विश्वासाच्या हातांची गरज असते, आणि असे हात वेळेवर उगवत नाहीत. ते आधी शिकवून तयार ठेवावे लागतात.

ते तयार करण्याचे काम पुण्यात सेवासदनने केले. मुंबईत बेहरामजी मलबारी हे पारशी आणि दयाराम गिडुमल हे सिंधी गृहस्थ यांनी १९०८ मध्ये सेवासदन काढले आणि त्यासाठी रमाबाई रानड्यांची साथ घेतली. लगेच १९०९ मध्ये पुण्यात रानड्यांच्या वाड्यातच पुणे सेवासदन सुरू झाले. सोबत होते भारत सेवक समाजाचे गोपाळ कृष्ण देवधर. या रमाबाई म्हणजे न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्या पत्नी. जन्म १८६२ चा, अकराव्या वर्षी लग्न. अक्षरओळखही सासरी झाली, आणि तीही घरातल्या बायकांचे टोमणे सोसत. १९०१ मध्ये न्यायमूर्ती गेले. विधवा झालेल्या बाईने कोपऱ्यात बसावे, अशी रीत होती. त्या मात्र येरवड्याच्या तुरुंगातल्या स्त्री-कैद्यांना भेटायला जात, रुग्णालयांत फळे-फुले घेऊन रुग्णांची विचारपूस करत. मुलींना वॉर्डात पाठवण्याच्या कितीतरी आधी त्यांनी स्वतः वॉर्ड पाहिला होता.

सेवासदनात शिवण, भाषा, प्रथमोपचार असे वर्ग होते. पुढच्या काही वर्षांत ससूनमध्ये नर्सिंग शिकणाऱ्या मुली आणि विधवा सेवासदनमधून जाऊ लागल्या. गावात चर्चा व्हायची ती झाली. कुलीन घरातली विधवा परक्यांचे मलमूत्र काढणार? रात्री घराबाहेर राहणार? सोवळ्याचे काय? जेवणाचे काय?

रमाबाई आणि देवधर यांनी यावर काय केले? धर्मग्रंथ काढून वाद घातला असता तर तो आजपर्यंत चालला असता. त्यांनी वसतिगृह काढले. सेवासदनची तीन वसतिगृहे झाली. त्यांतले एक वैद्यकीय शिक्षण घेणाऱ्या विद्यार्थिनींसाठी होते आणि एक खास शिकाऊ परिचारिकांसाठी. ऐकायला साधी वाटणारी ही गोष्ट खरी किल्ली होती. मुलगी रात्रपाळी करून कुठे परतते, तिच्या ताटात काय वाढले जाते, तिच्यावर नजर कोणाची, अडचण आली तर तिने कोणाकडे जायचे, या सगळ्या प्रश्नांना एक पत्ता मिळाला. आणि त्या पत्त्यामागे रानडे हे नाव होते. बापाला, भावाला, सासऱ्याला तत्त्वज्ञान नको होते, जामीन हवा होता. रमाबाई जामीन राहिल्या.

आता आपल्या घराकडे वळू. नर्सिंग आपल्या तहजीबमध्ये बसत नाही, असे म्हणणाऱ्याने मदिनेचा इतिहास पुन्हा वाचावा. रुफैदा अल-अस्लमिया या अन्सारी बाईंचा तंबू मस्जिदे नबवीत होता. खंदकच्या लढाईत हजरत साद बिन मुआज जखमी झाले, तेव्हा त्यांना रुफैदांच्याच तंबूत ठेवले गेले. उम्मे अतिय्या सात गझव्यांत सोबत होत्या. त्या स्वयंपाक करत, जखमींवर मलमपट्टी करत, आजाऱ्यांची काळजी घेत. रुबय्यि बिन्ते मुअव्विज यांच्याबद्दलही अशाच रिवायती हदीसच्या ग्रंथांत आहेत. ते जखमी पुरुषच होते. पुढे बगदादला, कैरोला मोठमोठे बीमारिस्तान उभे राहिले. कैरोच्या १२८४ च्या मन्सुरी बीमारिस्तानात स्त्री-रुग्णांसाठी वेगळी दालने आणि स्त्री-सेविका होत्या.

आणि जवळचे उदाहरण हवे असेल तर भोपाळ पाहा. १९०१ ते १९२६ या काळात तिथे राज्य करणाऱ्या सुलतान जहाँ बेगम जाहीर सभेतही बुरख्यात येत. पुढे अलीगढ मुस्लिम विद्यापीठाच्या पहिल्या कुलपती झालेल्या या बेगमांनी दायांच्या आणि परिचारिकांच्या प्रशिक्षणाला राज्याचा आधार दिला. म्हणजे पुण्यात रानड्यांच्या घरातली विधवा आणि भोपाळात पर्द्यातली राज्यकर्ती, दोघी साधारण एकाच काळात एकाच कामाला लागल्या होत्या.

तरीही आपण मागे का? मला वाटते, आपण गेली कित्येक वर्षे पहिल्या प्रश्नावरच अडलो आहोत : जायज की नाजायज. त्याचे उत्तर रुफैदांच्या तंबूत मिळालेले आहे. दुसऱ्या प्रश्नाला आपण हात घातलेला नाही : ती राहणार कुठे, फी कोण भरणार, आणि तिच्यामागे उभे कोण राहणार? जलशांवर, शादीखान्यांवर आपण जितका खर्च करतो, त्यातल्या थोड्या वाट्यात मुलींचे एक वसतिगृह चालू शकते. जकात आणि सदक्याचे पैसे गरजू विद्यार्थिनीच्या शिक्षणाला कसे देता येतील, हे मोहल्ल्यातल्या आलिमांना विचारावे आणि जुम्याच्या बयानात त्यावर बोलायला सांगावे.

या लेखात थोडे व्यवहाराचेही सांगितले पाहिजे, कारण फॉर्मची तारीख कोणासाठी थांबत नाही. बीएस्सी नर्सिंग चार वर्षांचे. त्यासाठी बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि इंग्रजी लागते, आणि राज्याच्या सीईटी कक्षाची प्रवेश परीक्षा द्यावी लागते. जीएनएम तीन वर्षांचे. कला शाखेतून, उर्दू माध्यमातून बारावी झालेल्या मुलीलाही ते खुले आहे, मात्र इंग्रजीत उत्तीर्ण हवे. एएनएम दोन वर्षांचे. पुण्यातल्याच सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात १९६४ पासून परिचर्या महाविद्यालय आहे. तिथे नीटचे गुण लागतात आणि पुढे लष्करी परिचर्या सेवेत अधिकारीपद मिळते. नियम दरवर्षी थोडे बदलतात, म्हणून ऐकीव माहितीवर न जाता त्या वर्षीची माहितीपुस्तिका स्वतः वाचावी.

कागदपत्रांत आपली मुले सर्वांत जास्त अडतात ती जातीच्या दाखल्यावर. बागवान, मोमीन, अत्तार, तांबोळी, पिंजारी अशा कितीतरी मुस्लिम बिरादऱ्या राज्याच्या ओबीसी यादीत आहेत. पण शाळेच्या दाखल्यावर नुसते "मुसलमान" लिहिलेले असते. आजोबा-पणजोबांचा शाळेचा दाखला, जन्ममृत्यूची नोंद, जमिनीचा कागद शोधायला महिने जातात. ही शोधाशोध मुलगी दहावीत असतानाच सुरू करावी. नॉन-क्रिमीलेअर आणि अधिवास प्रमाणपत्रही तेव्हाच काढून ठेवावे. शिक्षक म्हणून मी पालकसभेत हेच सांगतो, आणि मुलांनाही नर्सिंगचा रस्ता दाखवतो. तो आता फक्त मुलींचा राहिलेला नाही.

प्रवेश मिळाल्यावरचे पहिले काही महिने कठीण जातात. उर्दू माध्यमातल्या मुलीला शरीररचनेची इंग्रजी नावे जड जातात. पहिल्यांदा रक्त पाहून चक्कर येते, पहिला मृत्यू पाहिला की आठवडाभर झोप लागत नाही. गणवेश, डोक्यावरचा रुमाल, नमाजची वेळ, यांबद्दल कॉलेजशी सुरुवातीलाच अदबीने आणि स्पष्ट बोलून घ्यावे. या काळात घरून येणारा फोन "परत ये" म्हणणारा असतो की "टिकून राहा" म्हणणारा, यावर पुष्कळ ठरते.

आपल्याच घरातली म्हातारी नानी ससूनच्या खाटेवर असते, तेव्हा तिला उर्दूत "कैसी हो अम्मा" विचारणारी नर्स भेटली की आपण तिला दुआ देतो. ती नर्स कोणाच्या तरी घरातून निघालेली असते. कोणीतरी तिचा फॉर्म भरलेला असतो, कोणीतरी फी भरलेली असते. दुसऱ्यांच्या मुलींकडून ही खिदमत घ्यायची आणि आपल्या मुलीला मात्र रोखायचे, हा हिशेब बरोबर नाही. यंदा तुमच्या ओळखीतल्या एखाद्या मुलीने नर्सिंगचे नाव काढले, तर तिच्या वडिलांशी बोलायला स्वतः जा.