चार्ल्स मिंगस : डबल बेसवरून वर्णद्वेषाला जाब विचारणारे बॅण्डप्रमुख

महाड-पोलादपूर परिसरात १४ एप्रिलची मिरवणूक असो की २० मार्चला चवदार तळ्यावरचा कार्यक्रम, गाणं-बजावणं असतंच. पण वाजवणाऱ्याने कोणतं वाद्य हाती घ्यायचं, त्याच्या मेहनतीचे पैसे कोणी ठरवायचे आणि गाण्यात काय बोलायचं, हे ठरवण्याचा अधिकार कोणाचा? अमेरिकेतील कृष्णवर्णीय जॅझ वादक, संगीतकार आणि बॅण्डप्रमुख चार्ल्स मिंगस यांची कारकीर्द याच तीन प्रश्नांभोवती फिरली. चळवळीत गाणाऱ्या-वाजवणाऱ्या तरुणांसाठी त्यांची ही ओळख.

जन्म आणि वाद्याची निवड

मिंगस यांचा जन्म २२ एप्रिल १९२२ रोजी अ‍ॅरिझोना राज्यातील नोगालेस येथे झाला. वडील सैन्यात सार्जंट होते. बालपण लॉस एंजेलिसच्या वॉट्स वस्तीत गेलं. ते आधी ट्रॉम्बोन आणि नंतर चेलो शिकले. चेलो हे व्हायोलिनच्या घराण्यातलं मोठं वाद्य. मुलाला शास्त्रीय वाद्यवृंदात जायचं होतं. पण बडी कोलेट या मित्राने त्यांना वास्तव सांगितलं: काळ्या माणसाला तिथे जागा मिळणार नाही, तू बेस शीक.

डबल बेस हे माणसाहून उंच, उभं राहून वाजवायचं तंतुवाद्य. जॅझमध्ये त्याच्या तारा बोटांनी छेडतात. आपल्याकडे गाण्याला डग्ग्याचा जसा आधार असतो, तसा जॅझला बेसचा. मिंगस यांनी रेड कॅलेंडर यांच्याकडे आणि नंतर न्यूयॉर्क फिलहार्मोनिकमध्ये वाजवलेल्या हर्मन राइनशागेन यांच्याकडे तालीम घेतली. मागे उभं राहून साथ करणाऱ्या या वाद्यावरून त्यांनी पुढे अख्खा बॅण्ड चालवला.

दुसऱ्यांच्या बॅण्डपासून स्वतःच्या कंपनीपर्यंत

१९४०च्या दशकात ते लुई आर्मस्ट्राँग आणि लायोनेल हॅम्प्टन यांच्या बॅण्डमध्ये वाजवत होते. १९५०मध्ये रेड नॉर्वो यांच्या तिघांच्या संचात त्यांचं नाव झालं. त्या संचात ते एकटेच कृष्णवर्णीय होते. न्यूयॉर्कमध्ये टीव्हीच्या कार्यक्रमाची वेळ आली तेव्हा त्यांच्या जागी गोरा वादक घेतला गेला. मिंगस यांनी संच सोडला. पोटासाठी त्यांना काही काळ टपाल खात्यातही काम करावं लागलं.

१९५२मध्ये त्यांनी ड्रमवादक मॅक्स रोच यांच्यासोबत ‘डेब्यू’ ही स्वतःची रेकॉर्ड कंपनी काढली. १५ मे १९५३ रोजी टोरांटोच्या मॅसी हॉलमध्ये चार्ली पार्कर, डिझी गिलेस्पी, बड पॉवेल, रोच आणि मिंगस एकत्र वाजले. ती मैफल याच कंपनीने बाजारात आणली. जुलै १९६०मध्ये न्यूपोर्टच्या मोठ्या जॅझ महोत्सवाचं धोरण आणि मानधन पटलं नाही, तेव्हा मिंगस आणि रोच यांनी त्याच गावात वादकांचा पर्यायी महोत्सव भरवला.

बॅण्ड म्हणजे कार्यशाळा

आपल्या संचाला त्यांनी ‘जॅझ वर्कशॉप’ म्हटलं. अनेकदा ते कागदावर स्वरलिपी न देता पियानोवर वाजवून किंवा गाऊन वादकांकडून धून बसवून घेत. चूक झाली तर भर कार्यक्रमात वादन थांबवून पुन्हा सुरू करत. त्यातून प्रत्येक वादकाचा स्वतःचा आवाज घडला.

त्यांचा रागही प्रसिद्ध होता. १९६२मध्ये त्यांनी आपलेच सहकारी, ट्रॉम्बोनवादक जिमी नेपर यांना ठोसा मारला, दात तुटला, प्रकरण कोर्टात गेलं. अन्यायाविरुद्ध बोलणारा माणूस सहकाऱ्यावर हात उगारतो, हेही नोंदवलं पाहिजे.

राज्यपालाचं नाव घेणारं गाणं

सप्टेंबर १९५७मध्ये आर्कान्सा राज्यातील लिटल रॉक शहरात नऊ कृष्णवर्णीय विद्यार्थी सेंट्रल हायस्कूलमध्ये शिकायला निघाले. राज्यपाल ऑर्व्हल फॉबस यांनी त्यांना अडवायला नॅशनल गार्डचे सैनिक उभे केले. अखेर राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांना लष्कर पाठवावं लागलं.

मिंगस यांनी त्यावर ‘फेबल्स ऑफ फॉबस’ रचलं. १९५९च्या ‘मिंगस आह उम’ या गाजलेल्या अल्बममध्ये ते शब्दांविना आलं. कोलंबिया कंपनीने शब्द नाकारले, असं सांगितलं जातं. पुढच्याच वर्षी कॅण्डिड या छोट्या कंपनीकडे त्यांनी ते शब्दांसह रेकॉर्ड केलं. त्यात मिंगस प्रश्न टाकतात आणि ड्रमवादक डॅनी रिचमंड उत्तर देतात, राज्यपालाची थेट टर उडवतात. शाहीर आणि झीलकरी यांचा सवाल-जवाब ऐकत वाढलेल्या आपल्या कानांना ही रीत परकी वाटणार नाही.

अखेरची वर्षं

१९६३मध्ये ‘द ब्लॅक सेंट अँड द सिनर लेडी’ हा महत्त्वाचा अल्बम आला. १९६६मध्ये मात्र न्यूयॉर्कमधील राहत्या जागेतून त्यांना बाहेर काढण्यात आलं. १९७१मध्ये ‘बिनीथ द अंडरडॉग’ हे आत्मचरित्र प्रसिद्ध झालं. स्नायू निकामी करणाऱ्या एएलएस आजाराने त्यांचं वादन थांबलं, तरी ते धून गाऊन रचना करत राहिले. ५ जानेवारी १९७९ रोजी मेक्सिकोत त्यांचं निधन झालं. त्यांच्या इच्छेनुसार पत्नी सू यांनी भारतात येऊन अस्थी गंगेत सोडल्या. दोन तासांहून मोठी ‘एपिटाफ’ ही त्यांची रचना १९८९मध्ये न्यूयॉर्कला प्रथमच सलग सादर झाली.

आपल्यासाठी

पालखीला, लग्नाला गावकीचं काम म्हणून वाजवायचं आणि मिळेल ते घ्यायचं, हे कोकणातल्या आपल्या जुन्या पिढीने सोसलं. ते झुगारल्यावर जलशाने आणि भीमगीतांनी वाद्य स्वाभिमानाने हाती दिलं. आता आपली मुलं मोबाइलवर गाणी रेकॉर्ड करून टाकतात. त्या गाण्याखाली गीतकाराचं नाव असतं का? ढोलकी आणि कीबोर्ड वाजवणाऱ्याचं? कार्यक्रमाआधी मानधन ठरतं का? नसेल, तर येत्या जयंतीपासून ही सुरुवात करता येईल. आपल्या गाण्यावरचा हक्क मिंगस यांनाही कोणी आणून दिला नव्हता.