शालेय पोषण आहार योजना

शालेय पोषण आहार योजना ही भारतातील शासकीय, स्थानिक स्वराज्य संस्थांच्या आणि अनुदानित शाळांमध्ये शिकणाऱ्या मुलांना दुपारचे शिजवलेले जेवण विनामूल्य देणारी योजना आहे. केंद्र व राज्य शासने तिचा खर्च वाटून घेतात. पूर्वी ती माध्यान्ह भोजन योजना म्हणून ओळखली जात असे. सप्टेंबर २०२१ पासून तिचे अधिकृत नाव प्रधानमंत्री पोषण शक्ती निर्माण योजना असे आहे. महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात मात्र 'खिचडी' हेच नाव रूढ आहे. नामांतराला मंजुरी देताना केंद्र शासनाने लाभार्थ्यांची संख्या सुमारे ११ कोटी ८० लाख आणि शाळांची संख्या ११ लाख २० हजार दिली होती.

पार्श्वभूमी

शाळेत जेवण देण्याचा प्रयोग मद्रास महापालिकेने १९२० च्या दशकात केला. मद्रास राज्याचे मुख्यमंत्री के. कामराज यांनी १९५६ मध्ये त्याला राज्यव्यापी रूप देण्यास प्रारंभ केला. १९८२ मध्ये एम. जी. रामचंद्रन यांनी तामिळनाडूत पौष्टिक आहार कार्यक्रम सुरू केला, तेव्हा एवढा खर्च राज्याला पेलणार नाही अशी टीका झाली. योजना टिकली आणि पुढे इतर राज्यांनी तिचे अनुकरण केले.

धान्यापासून शिजवलेल्या अन्नापर्यंत

केंद्र शासनाने १५ ऑगस्ट १९९५ रोजी २,४०८ विकासगटांत प्राथमिक शिक्षणास पोषण साहाय्याचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. दोन-तीन वर्षांत तो देशभर लागू झाला. तथापि बहुतेक राज्यांत मुलांना जेवण मिळत नसे. महिन्याला किमान ८० टक्के उपस्थिती असलेल्या विद्यार्थ्याला तीन किलो धान्य घरी नेण्यासाठी दिले जाई. घरी गेलेले धान्य सर्व कुटुंबाच्या हंडीत पडते, मुलाच्या वाट्याला किती येते हे सांगता येत नाही. शिवाय आजारपणामुळे किंवा शेतीच्या हंगामामुळे ज्याची उपस्थिती घटली, तोच मुलगा नेमका वगळला जाई.

ही स्थिती न्यायालयीन आदेशाने बदलली. २००१ मध्ये अनेक राज्यांत दुष्काळ असताना शासकीय गोदामे धान्याने भरलेली होती. त्या वर्षी एप्रिलमध्ये पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज या संघटनेने अन्नाच्या हक्कासाठी सर्वोच्च न्यायालयात याचिका दाखल केली. २८ नोव्हेंबर २००१ च्या अंतरिम आदेशात न्यायालयाने शासकीय व अनुदानित प्राथमिक शाळांतील प्रत्येक मुलाला वर्षातून किमान २०० दिवस, किमान ३०० उष्मांक आणि ८ ते १२ ग्रॅम प्रथिने असलेले शिजवलेले जेवण देण्यास सांगितले. राज्यांची टाळाटाळ त्यानंतरही चालू राहिली. एप्रिल २००४ च्या आदेशाने जेवणासाठी पालकांकडून पैसे घेण्यास मनाई केली, दुष्काळग्रस्त भागांत उन्हाळी सुटीतही जेवण देण्यास सांगितले आणि स्वयंपाकी नेमताना दलित व आदिवासी व्यक्तींना प्राधान्य देण्याचा निर्देश दिला. अनेक गावांत एका पंगतीला बसणे सहज घडणारे नव्हते, त्यामुळे या शेवटच्या निर्देशाचे महत्त्व आहारापुरते मर्यादित नाही.

ऑक्टोबर २००७ मध्ये शैक्षणिकदृष्ट्या मागास विकासगटांतील आणि एप्रिल २००८ पासून सर्वत्र सहावी ते आठवीचे विद्यार्थी योजनेत आले. राष्ट्रीय अन्न सुरक्षा अधिनियम, २०१३ नुसार आठवीपर्यंतचे जेवण हा कायदेशीर हक्क झाला. जेवण न मिळाल्यास अन्न सुरक्षा भत्ता देण्याची तरतूद २०१५ च्या नियमांत आहे. १६ जुलै २०१३ रोजी बिहारच्या सारण जिल्ह्यातील गंडामन येथे कीटकनाशकयुक्त अन्न खाऊन २३ मुले दगावली. त्यानंतर वाढण्यापूर्वी अन्न चाखून पाहण्याचा आग्रह वाढला.

प्रमाण व खर्च

प्राथमिक स्तरावर प्रतिदिन १०० ग्रॅम धान्य, २० ग्रॅम डाळ, ५० ग्रॅम भाजी व ५ ग्रॅम तेल, म्हणजे ४५० उष्मांक व १२ ग्रॅम प्रथिने, असे प्रमाण आहे. उच्च प्राथमिक स्तरासाठी ते ७०० उष्मांक व २० ग्रॅम प्रथिने आहे. धान्य केंद्राकडून मिळते. डाळ, भाजी, तेल, मसाले व इंधन यांसाठी मे २०२५ पासून प्रति विद्यार्थी अनुक्रमे ६ रुपये ७८ पैसे व १० रुपये १७ पैसे असा दर आहे. स्वयंपाकी व मदतनीस यांचे केंद्रीय निकषानुसार मानधन २००९ पासून महिना १,००० रुपये, तेही वर्षातील दहा महिनेच. काही राज्ये त्यात भर घालतात. या कामात बहुसंख्येने स्त्रिया आहेत.

महाराष्ट्रातील अंमलबजावणी

महाराष्ट्रात ग्रामीण भागात शाळेतच अन्न शिजते. हे काम बहुधा महिला बचत गटांकडे असते. शहरांत मध्यवर्ती स्वयंपाकगृहांतून पुरवठा होतो. खिचडीच्या एकसुरीपणाची तक्रार जुनीच होती. नोव्हेंबर २०२३ मध्ये राज्याने आठवड्यातून एकदा अंडे आणि अंडी न खाणाऱ्यांना फळ देण्याचा निर्णय घेतला. जानेवारी २०२५ मध्ये त्यासाठीचा राज्याचा निधी थांबवून खर्च लोकसहभागातून करण्यास शाळांना सांगण्यात आले. ज्या गावात मुलांना अंड्याची गरज अधिक, तिथेच लोकवर्गणी देऊ शकणारे हात कमी, ही या व्यवस्थेतील उघड अडचण आहे.

कक्षेबाहेरील विद्यार्थी

आठवीची मर्यादा ही सहा ते चौदा वर्षे वयोगटाच्या मोफत शिक्षणाच्या हक्काशी जोडलेली प्रशासकीय रेषा आहे. आहारशास्त्राचा तिला आधार नाही. महाराष्ट्रातील अनेक अनुदानित माध्यमिक शाळांत पाचवी ते दहावीचे वर्ग एकाच इमारतीत भरतात. तेथे आठवीचा विद्यार्थी पंगतीला बसतो आणि पुढच्या वर्षी, नववीत गेल्यावर, तोच विद्यार्थी वगळला जातो. वाढीचे वय, मुलींमधील रक्तक्षय आणि शाळा सोडून मजुरीला किंवा लग्नाला लागण्याची भीती हे तिन्ही याच वर्गांत एकत्र येतात. योजनेच्या ताज्या विस्तारात बालवाटिका, म्हणजे पूर्वप्राथमिक वर्ग, समाविष्ट झाले. वरची मर्यादा होती तिथेच राहिली.

काही राज्यांनी ती स्वखर्चाने ओलांडली आहे. तामिळनाडू व कर्नाटकात दहावीपर्यंत जेवण मिळते. आंध्र प्रदेशाने जानेवारी २०२५ मध्ये शासकीय कनिष्ठ महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांनाही ते सुरू केले. तामिळनाडूने सप्टेंबर २०२२ मध्ये पहिली ते पाचवीसाठी सकाळच्या न्याहारीची योजना आरंभली आणि ऑगस्ट २०२३ मध्ये ती राज्यातील सर्व शासकीय प्राथमिक शाळांना लागू केली.