रामनगर ते कद्रा, व्हाया बारावं शतक

रामनगरात चहा घ्या आणि मगच निघा. बेळगावहून गोव्याकडे सुटलेल्या गाड्या इथं दहा मिनिटं टेकतात, भजी खातात आणि अनमोड उतरेपर्यंत गावाचं नाव विसरतात. तुम्हाला आज गोवा गाठायचा नाही. जोयडा तालुका उभा कापत, अणशीचा घाट उतरून कद्र्याला पोचायचंय, आणि तेही कॅलेंडरच्या सरळ वाटेनं नव्हे. तेव्हा गल्ल्यावर कुणी वयस्क माणूस दिसला तर एवढंच विचारा, "काका, मूळ गाव कुठलं?" "सुपा" असं उत्तर मिळालं तर नवल नाही, रामनगरात ते बऱ्याच घरांतून मिळतं. लगेच "कुठं आलं ते?" म्हणू नका. वाटेतच आहे. दिसणार नाही, इतकंच.

अमेरिकेत ब्लू रिज पार्कवे नावाचा 755 किलोमीटरचा रस्ता आहे. 1935 साली कामाला हात घातला आणि 1987 साली शेवटचा तुकडा जोडला. मालाचे ट्रक त्यावर येऊ देत नाहीत. डोंगर बघत सावकाश गाडी हाकावी, एवढ्यासाठीच तो केला. त्याच 1987 साली जोयड्यात सुपा धरण पुरं झालं आणि अणशीचं राष्ट्रीय उद्यानही जाहीर झालं. नुसतं बघायला रस्ता करण्याची चैन मात्र इथं कुणी केली नाही. या तालुक्यातली प्रत्येक वाट काहीतरी वाहून न्यायला पडली, आणि ते काहीतरी जोयड्याचं क्वचितच होतं. डोंगर फुकटात दिसतात, हा आपला फायदा.

आधी थोडी वाट वाकडी करू. अनमोडच्या रस्त्यावरून कॅसलरॉकला वळा. झाडी दाटते, काचेवर धुकं बसतं, वायपर दोनदा फिरतो. काच स्वच्छ होते तेव्हा साल 1925 असतं आणि तुम्ही गाडीत नसता, फलाटावर असता. खांद्यावर ओलं उपरणं, पायाशी पत्र्याची ट्रंक. मुरगावहून सुटलेली मीटरगेज गाडी आत्ताच घाट चढून आलीय. पुढचं इंजिन ओढत होतं, मागचं ढकलत होतं. दूधसागरापाशी तुषार खिडकीतून आत आले ते अजून अंगावर आहेत. खाली कुळ्याला पोर्तुगीज शिपायांनी सामान पाहिलं. आता इथं इंग्रजांचा कस्टमवाला पाहणार. "उघडा." तो धोतराच्या घड्या उलटतो, लाडवांच्या डब्याचं झाकण काढून वास घेतो, तळाशी गुंडाळलेल्या लुगड्यात हात घालतो आणि बाटली बाहेर येते. काजूची आहे. तुम्ही म्हणता, औषधाला आणली. सगळेच तसं म्हणतात. शेजारी एक पाद्री, एक सारस्वत व्यापारी आणि मुंबईला आचारी म्हणून निघालेला गोंयकार पोरगा आपापल्या ट्रंका उघडून उभे आहेत. कोकणी, मराठी, कानडी, इंग्रजी आणि पोर्तुगीज अशा पाच भाषांत एकच गयावया चाललीय.

ही रेल्वे आली कशी, हे त्या बाटलीपेक्षा मजेदार. 1878 साली इंग्रज आणि पोर्तुगीज यांचा तह झाला. गोव्याच्या मिठाचा कारभार इंग्रजांच्या हाती गेला, दोघांमधली जकात उठली आणि बदल्यात पोर्तुगिजांना वर्षाला 4 लाख रुपये मिळू लागले. याच पैशाच्या भरवशावर मुरगाव बंदरापासून घाटमाथ्यापर्यंत रूळ टाकायचं ठरलं. कॅसलरॉकला पोर्तुगिजांचा लोहमार्ग सदर्न मराठा रेल्वेला भिडला आणि 1888 साली गाडी धावू लागली. तह 1892 साली संपला, जकात परत आली, आणि म्हणून तुमची ट्रंक उघडली गेली. गोव्याच्या मिठागरवाल्यांचं त्या बारा-चौदा वर्षांत जे कंबरडं मोडलं, त्याची भरपाई कुठल्या कलमात नव्हती. लमाणांचे मिठाचे तांडेही त्यातच गेले. त्याआधी कित्येक पिढ्या बैलांच्या पाठीवरच्या गोण्यांतून मीठ याच सह्याद्रीच्या घाटांनी वर चढत होतं आणि घाटमाथ्याचं धान्य खाली उतरत होतं.

बाटली जप्त झाली. मान वळवा. ऑगस्ट 1955. फलाट तोच, पण गाडी नाही. गोव्यात शिरलेल्या सत्याग्रहींवर 15 ऑगस्टला गोळ्या चालल्या आणि भारतानं सरहद्द बंद केली. रुळांवर गवत चढायला पावसाळ्यात फार दिवस लागत नाहीत. आणखी एकदा मान वळवली की डिसेंबर 1961: अनमोडच्या बाजूनं लष्कर मोलेंकडे उतरतंय, आणि 19 तारखेला गोवा मोकळा होतो. त्या दिवसापासून कॅसलरॉकच्या कस्टमवाल्यांना काम उरलं नाही. आज इथं मोबाईलवर दूधसागरचे व्हिडिओ बघत पोरं बसलेली असतात. अनमोडला नाकं अजून आहे आणि बाटली अजून औषधालाच असते, तो भाग वेगळा.

परत रामनगर, तिथून जगलबेट, मग गणेशगुडी. हा पट्टा सावकाश घ्या. उजवीकडे-डावीकडे झाडीतून मधेच निळं पाणी चमकतं आणि पर्यटक "वा, काय तळं आहे!" म्हणून उतरतात. तळं नव्हे. सुपा धरणाचा जलाशय आहे. भिंत 101 मीटर उंच, 332 मीटर लांब, पोटात 147 टीएमसी पाणी. काळी नदी इथून जवळच, गोव्याच्या हद्दीलगत डिग्गीच्या डोंगरात उगवते आणि कारवारला समुद्राला मिळते. उणेपुरे 184 किलोमीटर वाहते, आणि तेवढ्यात तिला सुपा, बोम्मनहळ्ळी, तट्टीहळ्ळ, कोडसळ्ळी, कद्रा एवढी धरणं सांभाळावी लागतात. गणेशगुडीला लोक रबरी होड्यांतून फेसाळत्या पाण्यात ओरडत जातात, ते पाणीसुद्धा वीजघरातून सोडलेलं. वीज नको असेल तेव्हा नदीचा जोर बंद.

आता गाडी बाजूला घ्या, इंजिन बंद करा. साल 1973. पाणी नाही. उतारावरून बैलगाडीची वाट खाली जाते आणि खाली सुपा आहे: काळी आणि पांढरी या दोन नद्यांच्या संगमावरचं, कौलारू घरांचं, तालुक्याचं गाव. मामलेदार कचेरी इथं, त्यामुळे दाखले, खटले, फाळा, सगळ्यासाठी डोंगरातली माणसं इथंच येतात. 1956 पर्यंत हा मुलूख मुंबई राज्यात होता. आता कचेरीवर कानडी पाटी आहे, बाजारात कोकणी चालते आणि दुकानाच्या वहीत मराठी. कुणाला त्याचं काही वाटत नाही. तुम्ही बाजारातून चालता. सुकी मासळी, गुळाच्या ढेपा, शिकेकाई, मधाच्या बाटल्या. कुणबी बाया रानातले कंद पाटीत मांडून बसल्यात, आणि घासाघीस करणाऱ्याकडे त्या बघतही नाहीत.

चहाच्या टपरीवर एक माणूस समोरच्या डोंगराकडे बोट करतो. सर्व्हेवाल्यांनी चुन्यानं खूण केलीय. "पाणी तिथवर येणार म्हणतात." खूण बघायला सगळ्यांनाच माना मागं टाकाव्या लागतात. देवळाचा कळस कितीतरी खाली राहतो. "येवढं वर? मस्करी करतात काय!" सगळे हसतात. तुम्हीही हसा, कारण हसला नाहीत तर ओळखू याल. पुढच्या वर्षी काम सुरू होणार, तेरा वर्षांनी पुरं होणार, यांतले पुष्कळ जण रामनगरच्या वसाहतीत प्लॉट शोधत फिरणार, आणि ज्यांच्या गावावर एवढं पाणी उभं राहिलं त्यांना रामनगरात उन्हाळ्यात पिण्याच्या पाण्यासाठी ताटकळावं लागणार, हे तुम्हाला ठाऊक आहे. टपरीवर हे सांगता येत नाही. चहाचे पैसे द्या आणि वर या.

वर आलात की पाणी परत जागेवर आहे. कडक उन्हाळ्यात पातळी फार खाली गेली की जुन्या गावाचे अवशेष उघडे पडतात आणि सुप्याची माणसं बघायला येतात. कचेरी जोयड्याला गेली. तालुक्याचं नाव मात्र बुडायला तयार नव्हतं: 2011 च्या जनगणनेतसुद्धा हा 'सुपा' तालुका आहे, आणि सीमाप्रश्नाच्या जुन्या ठरावांत 'कारवार, सुपा, हल्याळ' असंच वाचायला मिळतं. ज्या गावावर दोन राज्यं हक्क सांगत होती ते तिसऱ्यानंच, म्हणजे पाण्यानं, नेलं.

जोयडा गाव पाच मिनिटांत संपतं. तालुका मोठा आणि माणसं थोडी; सगळी मिळून 52 हजारांच्या आसपास. जानेवारीत आलात तर इथं कंदांचा मेळा भरलेला सापडेल. कुणबी घराघरांतून कंद येतात. त्यांतली मुडली हातात घेऊन बघा: अळूच्याच जातीची, पण हातभर लांब आणि खोडासारखी जाड, बाहेरून मातीनं काळवंडलेली, कापली की आत पांढरी. काप करून तव्यावर तळतात, नाहीतर आमटीत घालतात. नीट साठवली तर बराच काळ टिकते. भाताचं पीक गेलं तर घर हिच्यावर तगायचं. हे ज्ञान येतं कुठून, त्यासाठी गाडी 1860 च्या आसपास उभी करा. उतारावर धूर आहे. तुकडाभर रान तोडून, जाळून, राखेत नाचणी पेरायची आणि दोनेक वर्षांनी दुसरीकडे सरकायचं, ही कुमरी. मद्रास इलाख्याचा वनाधिकारी ह्यू क्लेगहॉर्न हिच्यावर रागावलेला आहे. सागवान जळतं म्हणून. सरकारनं कुमरी आवळत आणली आणि सागवान जहाजांना, पुढं रेल्वेच्या कामांना गेलं. जळत होतं कुणाचं आणि तोडलं कुणी, हा हिशेब कुणब्यांना कुणी विचारला नाही. आता हे सारं काळी व्याघ्र प्रकल्पात येतं आणि कुणब्यांना रानातून उठायची नवी कारणं सांगितली जातात.

कुंभारवाड्याहून उळवीचा फाटा घ्या. वळणं वाढतात, रेंज जाते, आणि मग शतकंही भराभर मागं पडतात. बाराव्या शतकात पोचलात की पायी चालावं लागेल. तिकडे कल्याणमध्ये, म्हणजे आजच्या बसवकल्याणात, ब्राह्मण मधुवरसाची मुलगी चांभार हरळय्याच्या मुलाला दिली म्हणून दोघा बापांना हालहाल करून मारलं, बिज्जल राजाचा खून झाला, शहर पेटलं. शरणांचा, म्हणजे बसवण्णांच्या अनुयायांचा, एक जथा दक्षिण-पश्चिमेला निघाला, मागावर फौज. तुम्ही त्या जथ्यात आहात. डोक्यावरच्या गाठोड्यात भाकरी नाही, ताडपत्रं आहेत: वचनं. पुढं बसवण्णांचा भाचा चन्नबसवण्णा, बरोबर त्याची आई अक्क नागम्मा. परंपरा सांगते की वाटेत लढाई झाली आणि उरलेले या जंगलात शिरले, कारण इथं फौजेचे घोडे चालत नव्हते. झाडीत ओलसर गुहा आहेत. गाठोडी आधी आत सरकवली जातात, माणसं मागून. चन्नबसवण्णांची समाधी इथंच. माघ पौर्णिमेच्या सुमाराला जत्रा भरते तेव्हा धारवाड-बेळगाव भागातले शेतकरी अजूनही बैलगाड्या जुंपून मुक्काम करत येतात. शिंगांना रंग, गळ्यात घुंगरमाळा, गाडीत ज्वारीच्या कडक भाकऱ्यांची चवड. ट्रॅक्टर दारात असताना बैल काढतात. माझ्या मते साऱ्या तालुक्यातली ही एकच वाट माणसांनी आपल्या मनानं पाडली.

अणशीचा घाट आता भरकन उतरू. पावसाळ्यात इथं प्रत्येक वळणावर ओहोळ रस्त्यावर येतो. काळा बिबट्या आहे, धनेश आहेत, आणि ते तुम्हाला दिसतीलच असं नाही. 1864 मध्ये डोकावलंत तर कारवारला नुसती धांदल दिसेल. अमेरिकेत यादवी युद्ध पेटलंय, मँचेस्टरच्या गिरण्यांना कापूस मिळत नाही आणि धारवाडच्या कापसाला सोन्याचा भाव आलाय. उत्तर कानडा जिल्हा दोनच वर्षांपूर्वी मद्रास इलाख्यातून मुंबईकडे आणलाय. कारवार मोठं बंदर करायचं, मागच्या डोंगरांतून गाडीरस्ते फोडायचे, असा बेत. रस्ते झाले, मोठी वाहतूक अर्बैल घाटानं चालली. पुढं 1888 ला तुम्ही मघाशी ज्या फलाटावर उभे होता तिथं गाडी आली, माल मुरगावकडे वळला आणि कारवारचा व्यापार बसला. कॅसलरॉकच्या शिट्टीनं या घाटांतल्या बैलांच्या घंटा बंद पाडल्या, असं म्हणायला हरकत नाही.

खाली कद्रा. पुन्हा धरण, पुन्हा तारा, वरच्या अंगाला कैगाचं अणुवीज केंद्र. मीठ गेलं, सागवान गेलं, कापूस गेला, आता वीज जाते. आणि शनिवार-रविवार आपण जातो, पुण्या-बंगळुरूचे, गाडीत बिस्किटं भरून, दांडेलीच्या बुकिंगचे पैसे आधीच ऑनलाइन देऊन. तेव्हा एवढं करा. जेवायला जोयड्यात थांबा, कुणब्याच्या पाटीतली मुडली घासाघीस न करता घ्या, रामनगरात चहा पिऊन सुप्याची गोष्ट ऐका. वाटेत बऱ्याच ठिकाणी रेंज नसते, फोनवरून पैसे जात नाहीत. सुट्ट्या नोटा खिशात ठेवा.