पुनर्वसनात्मक व्यायाम : तंत्र आणि मार्गदर्शनाचा ऐतिहासिक मागोवा

प्रस्तावना
दुखापतीनंतर किंवा जुनाट कंबरदुखीत सुचविल्या जाणाऱ्या व्यायामांत आज पिलाटिस पद्धतीचाही समावेश होतो. कोणता व्यायाम करावा याची चर्चा पुष्कळ होते. तो कसा करावा आणि कोणी शिकवावा हा प्रश्न मात्र मागे राहतो. प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्याच्या संदर्भात विचार केला आहे.

पिलाटिस पद्धतीचा उगम
पहिल्या महायुद्धात ब्रिटिश सत्तेने शत्रुराष्ट्रांच्या नागरिकांना स्थानबद्ध केले. भारतातील जर्मन व ऑस्ट्रियन नागरिकांसाठी अहमदनगर येथे छावणी होती. याच धोरणानुसार इंग्लंडमध्ये स्थानबद्ध झालेल्यांत जोसेफ पिलाटिस (१८८३-१९६७) होते. १९२६ मध्ये ते न्यूयॉर्कला गेले व तेथे त्यांनी व्यायामशाळा चालविली. आपल्या पद्धतीला ते 'कंट्रॉलॉजी', म्हणजे नियंत्रणाचे शास्त्र, म्हणत. त्यांच्या पश्चात शिष्यांनी ती आपापल्या रीतीने शिकविली. २००० मध्ये अमेरिकी न्यायालयाने 'पिलाटिस' हे व्यायामपद्धतीचे सामान्य नाव ठरविले. परिणामी केवळ नावावरून शिक्षकाच्या प्रशिक्षणाची खात्री उरली नाही.

महाराष्ट्रातील परंपरा
स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापून योगक्रियांचा प्रयोगशाळेत अभ्यास केला. पुण्यात बी. के. एस. अय्यंगार यांनी पट्टे, दोर व लाकडी ठोकळ्यांच्या साहाय्याने आसन साधकाच्या क्षमतेनुसार बसविले. मुंबईत पोलिओच्या साथीनंतर १९५३ मध्ये के. ई. एम. रुग्णालयात फिजिओथेरपीचे विद्यालय सुरू झाले. राज्यात २००२ मध्ये, तर देशपातळीवर २०२१ मध्ये या व्यवसायाच्या नियमनासाठी कायदे झाले. व्यायाम शिकविणे ही जबाबदारीची विद्या आहे, हे यातून मान्य झाले.

तंत्राचे महत्त्व
उताणे झोपून, गुडघे दुमडून एक पाय उचलणे हा वरवर सोपा व्यायाम आहे. मात्र श्वास रोखला गेला आणि कंबरेची कमान वाढली, तर पोटाच्या खोल स्नायूंनी पेलावयाचा भार कंबरेवर पडतो. ही चूक रुग्णाच्या सहसा लक्षात येत नाही. ती मार्गदर्शकाच्या नजरेस व हातास कळते.

जिल्ह्याचा संदर्भ
जिल्ह्यात लोणी व विळद घाट येथे फिजिओथेरपीचे शिक्षण उपलब्ध आहे. तथापि पाथर्डीसारख्या तालुक्यांतील ऊसतोड मजूर हंगामात गाव सोडतात. वाकून कोयता चालविणाऱ्या व मोळ्या वाहणाऱ्या या मजुरांची कंबर दुखावली, तरी उपचाराची पुढील भेट होईलच असे नसते. केवळ चित्रांचा कागद हाती दिल्याने त्यांची गरज भागत नाही.

समारोप
पद्धत कोणतीही असो, तिचे फळ शिकविणाऱ्यावर अवलंबून राहिले आहे, असे वरील विवेचनावरून दिसून येते. म्हणून रुग्णाने प्रत्येक व्यायाम मार्गदर्शकासमोर करून दाखवावा, सूचना त्याच्या बोलीत असाव्यात आणि कोणत्या वेदनेला थांबावे हे त्याला पहिल्याच भेटीत सांगितले जावे. ज्याची दुसरी भेट अनिश्चित आहे, त्याच्यासाठी पहिलीच भेट पूर्ण असणे आवश्यक ठरते.