सातबारा : दोन याद्यांची जोडी, भंडाऱ्याच्या खसऱ्यापासून संगणकापर्यंत

१/ ‘सातबारा’ या नावातच दोन नमुने आहेत. गाव नमुना सात सांगतो जमीन कोणाची. गाव नमुना बारा सांगतो तिच्यात पीक कोणते. दोन्ही एका क्रमांकाखाली आले की उतारा होतो.

२/ संगणकाच्या पायथन भाषेत अशा जोडणीसाठी ‘झिप’ ही आज्ञा आहे. कपड्याच्या चेनचे दात जसे एकेक अडकतात, तसा पहिल्या यादीतील पहिला घटक दुसरीतील पहिल्याशी, दुसरा दुसऱ्याशी जुळतो.

३/ भंडारा जिल्हा मध्य प्रांतात असताना पटवाऱ्याच्या दप्तरात अशा दोन याद्या असत. खसऱ्यात शेताचा क्रमांक, क्षेत्र आणि पीक. जमाबंदीत कुळाचे नाव, त्याची जमीन आणि लगान.

४/ या नोंदींचे मोल १९५१ साली कळले. ३१ मार्च रोजी मालगुजारी संपली. मालगुजाराकडे राहिली ती मुख्यतः घरशेती, म्हणजे प्रामुख्याने १९४८-४९ च्या वार्षिक कागदांत त्याच्या नावे सीर वा खुदकाश्त म्हणून नोंदलेली जमीन. कागदावरील एका ओळीवर शेताची मालकी ठरत होती.

५/ अशा वेळी केवळ क्रमावर विसंबणे घातक. एका यादीतील पाचवी ओळ गळाली, तर सहाव्याचे नाव पाचव्या शेतावर चढते आणि पुढची प्रत्येक जोडी चुकते. ‘झिप’ला हे उमगत नाही, आखूड यादी संपताच ती मुकाट्याने थांबते. याद्यांची लांबी असमान असल्यास चूक दाखवण्याची सोय पायथनमध्ये २०२१ साली आली.

६/ पटवाऱ्याचा आधार ओळीचा क्रम नव्हे, खसरा क्रमांक होता. उदाहरणार्थ, भावांत २७ क्रमांकाची वाटणी झाली की २७/१ आणि २७/२ होत. यादी लांबली, तरी जोडी ढळत नसे.

७/ १९५६ साली भंडारा मुंबई राज्यात आणि १९६० साली महाराष्ट्रात आला. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ ची. अधिकार अभिलेख व नोंदवह्यांचे नियम १९७१ चे. खसऱ्याच्या प्रदेशात सातबारा रुजला तो या वाटेने.

८/ १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणीत शेतकरी स्वतःच मोबाइलवरून पीक नोंदवतो. बाराव्या नमुन्याची लेखणी त्याच्या हाती आली. मात्र सातव्याशी त्याची गाठ आजही क्रमांकच बांधतो. म्हणून उतारा हाती येताच जाणते शेतकरी नावाआधी क्रमांक पाहतात.