समाजमाध्यमांचे व्यसन आणि तरुण मन

समाजमाध्यमांचा भरपूर वापर आणि त्यांचे व्यसन या दोन भिन्न गोष्टी आहेत. किती तास गेले यापेक्षा वापरावरील ताबा सुटला आहे का, हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या रोगवर्गीकरणात गेमिंगचा विकार समाविष्ट आहे. समाजमाध्यमांच्या व्यसनाला मात्र तेथे स्वतंत्र आजाराचे स्थान नाही. तरीही त्याचे परिणाम दुर्लक्षिण्याजोगे नाहीत.

लक्षणे

नॉर्वेतील बर्गन येथील संशोधकांनी २०१२ मध्ये फेसबुकच्या व्यसनासाठी मापनश्रेणी तयार केली. सतत तोच विचार, वाढती ओढ, दुःख विसरण्यासाठी वापर, वापर कमी करण्याचे फसलेले प्रयत्न, वापर थांबताच अस्वस्थता आणि अभ्यासाचे किंवा कामाचे नुकसान, ही त्यातील सहा लक्षणे. झोपमोड, चिंता व नैराश्य यांच्याशी या व्यसनाचा संबंध आढळतो. खचलेले मन मोबाइलकडे वळते आणि जागरणाने अधिकच खचते, असे हे दुष्टचक्र आहे.

निर्धाराची मर्यादा

कितीही सरकवले तरी न संपणारा मजकूर आणि ‘लाइक’ केव्हा येईल याची अनिश्चितता मनाला गुंतवून ठेवते. शिवाय आपण दूर राहिलो, तर मित्रांच्या गप्पांतून वगळले जाऊ, ही भीती असते. म्हणून एकट्याचा निर्धार अपुरा पडतो. सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ मध्ये यावर सामूहिक मार्ग काढला. सायंकाळी सात वाजता भोंगा वाजताच दीड तास मोबाइल व टीव्ही बंद ठेवण्याचे गावाने ठरवले. सारेच दूर असल्याने कोणी मागे पडत नाही, हे त्यातील मर्म आहे. घरापासून दूर राहणाऱ्या तरुणांना वसतिगृहातील सोबत्यांशी असा करार करता येईल. रात्री फोन उशाशी न ठेवणे ही त्याची सुरुवात ठरावी.

उपचार आणि आधार

बंगळुरूच्या ‘निम्हान्स’ संस्थेने २०१४ मध्ये तंत्रज्ञानाच्या अतिवापरासाठी खास उपचार केंद्र सुरू केले. ‘टेली-मानस’ या सरकारी सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य समुपदेशन मिळते. लोणावळ्यात वलवण येथे असलेल्या कैवल्यधामची स्थापना १९२४ मध्ये स्वामी कुवलयानंदांनी केली आणि योगक्रियांची प्रयोगशाळेत तपासणी सुरू केली. आसने व प्राणायाम मनाच्या स्वास्थ्याला पूरक ठरतात. मात्र उदासी सरत नसेल किंवा जीव नकोसा वाटत असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांकडे जाण्यास विलंब करू नये.